आहार-पोषणावरच्या संशोधनासाठी बीजनिधी: नाशिकमधल्या नव्या संशोधकांसाठी टप्प्याटप्प्याने

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात अन्न व पोषण शिकवते. पेठ तालुक्यातल्या बायकांच्या जेवणात नागली (नाचणी) किती उरली आहे आणि त्यांचं हिमोग्लोबिन किती आहे, एवढ्याच प्रश्नावर मला एक लाख रुपयांचा बीजनिधी मिळाला होता. कॉलेजात सगळे त्याला ‘सीड मनी’च म्हणतात. त्याआधी माझा एक प्रस्ताव परत आला होता. तो का परत आला हे मला कुणी नीट सांगितलं नाही, दोन वर्षांनी माझं मलाच कळलं. गेल्या काही महिन्यांत तीन-चार तरुण सहकाऱ्यांनी ‘मॅडम, सुरुवात कुठून करू?’ असं विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बीजनिधीत पैसे कमी असतात हे सगळ्यांना दिसतं. महिने त्याहून कमी असतात, ते कुणी मोजत नाही. वर्षभराचा प्रकल्प म्हणतात, पण परवानग्या, पावसाळा, स्थलांतर, परीक्षा आणि ३१ मार्च वजा केले की हातात क्षेत्रकामाचे जेमतेम आठ-दहा आठवडे राहतात. तेवढ्यात बसेल असाच प्रश्न निवडा.

१. आधी आपली खिडकी कोणती ते ठरवा

नाशिकमध्ये नुसतं ‘विद्यापीठाचा निधी’ म्हणून चालत नाही. तुम्ही मेडिकल, आयुर्वेद, नर्सिंग किंवा डेंटल कॉलेजात असाल तर तुमचं विद्यापीठ महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. १९९८ साली स्थापन झालेलं, म्हसरूळला मुख्यालय असलेलं. गृहविज्ञान, अन्नतंत्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा समाजकार्य शिकवत असाल तर बहुधा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. कृषी महाविद्यालयात असाल तर राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची व्यवस्था वेगळी, खासगी विद्यापीठांची आणखी वेगळी. प्रत्येकाचा अर्ज, मुदत आणि कमाल रक्कम निराळी असते. दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा अर्ज समोर ठेवून आपला भरू नका.

दुसरी खिडकी तुमच्या कॉलेजातच असते आणि अनेकांना ती ठाऊकच नसते. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, मूल्यांकनात संस्था आपल्या शिक्षकांना संशोधनासाठी सीड मनी देते का, हे विचारलं जातं. त्यामुळे बऱ्याच संस्थांनी त्यासाठी थोडी तरतूद करून ठेवलेली असते. प्राचार्यांकडे जाण्याआधी आयक्यूएसी, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांना गाठा. रक्कम लहान असेल, पण पहिला प्रकल्प म्हणून तिची किंमत मोठी असते.

एमबीबीएस किंवा बीडीएसचे विद्यार्थी असाल तर आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना पाहा. दोन महिन्यांचं काम असतं आणि मार्गदर्शक तुमच्याच कॉलेजचा चालतो.

२. प्रश्न लहान करा, मग आणखी लहान करा

माझ्या परत आलेल्या प्रस्तावाचं शीर्षक होतं ‘नाशिक जिल्ह्यातील आदिवासी भागातील कुपोषणाचा अभ्यास’. आता ते वाचताना दोष पहिल्याच ओळीत दिसतो. जिल्हा किती मोठा! सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण, दिंडोरी, बागलाण. त्यात कोकणा, महादेव कोळी, वारली, कातकरी, भिल्ल. बाळं, किशोरी, गरोदर बायका, म्हातारी माणसं. आणि ‘कुपोषण’ म्हणजे नेमकं काय मोजणार? खुजेपणा, कृशता, रक्तक्षय की जीवनसत्त्वांची कमतरता?

दुसऱ्यांदा मी प्रश्न असा मांडला: पेठ तालुक्यातल्या ठरावीक आठ अंगणवाड्यांच्या क्षेत्रात १९ ते ४५ वयाच्या, गरोदर नसलेल्या बायका आठवड्यातून किती वेळा नागली खातात, रोजच्या जेवणातून त्यांना लोह किती मिळतं आणि त्यांचं हिमोग्लोबिन किती आहे? या वाक्यात जागा आहे, माणसं आहेत, मोजायच्या तीन गोष्टी आहेत. निधी देणाऱ्या समितीला तेवढंच हवं असतं.

‘हा प्रश्न इथेच का?’ याचं उत्तर आकड्यांनी द्या. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे आणि पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी आहेत. हे दोन आकडे आणि तुमच्या भागाची चार वाक्यं पुरतात. प्रस्तावनेत पोषणाचा जागतिक इतिहास लिहू नका, मी तीन पानं लिहिली होती.

आता नमुना, म्हणजे सॅम्पल साइझ. प्रस्ताव सगळ्यांत जास्त इथे आपटतात. ‘१०० बायका घेऊ’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो: शंभरच का? साधं गणित असं. रक्तक्षयाचं प्रमाण ५४ टक्के धरा, उरले ४६. ४ × ५४ × ४६ = ९,९३६. अंदाजात सात टक्क्यांची चूक चालणार असेल तर त्याला ७ च्या वर्गाने, म्हणजे ४९ ने भागा: २०३. काही जणी नकार देतील, काही घरी सापडणार नाहीत, म्हणून दहा टक्के वाढवा. मी २२५ धरल्या. पाचच टक्के चूक हवी म्हणाल तर २५ ने भागावं लागेल आणि आकडा ३९८ वर जाईल. एक लाखात आणि दहा आठवड्यांत ३९८ होत नाहीत. म्हणून सात टक्के घेतले आणि त्याचं कारण प्रस्तावात उघड लिहिलं. समितीने त्यावर एकही प्रश्न विचारला नाही.

इथे एक सापळा आहे. तालुक्यातली काही गावं निवडून त्यावरून अख्ख्या तालुक्याबद्दल बोलणार असाल, तर हा आकडा दीडपट-दुप्पट करावा लागतो, कारण एका गावातल्या बायकांची जेवणं एकमेकींसारखी असतात. मी आठ अंगणवाड्यांच्या कुटुंब नोंदवहीतून नावं घेऊन चिठ्ठ्या टाकल्या आणि निष्कर्ष त्या आठांपुरतेच ठेवले. संख्याशास्त्राचा सहकारी या टप्प्यावरच सोबत घ्या. माहिती गोळा झाल्यावर त्याच्याकडे गेलात तर तोही काही करू शकत नाही.

३. अर्ज लिहिण्याआधी गावात एक दिवस काढा

सावळघाट आणि कोटंबीचा घाट ओलांडून एकदा पेठला जाऊन या. निधी नसताना, स्वखर्चाने, फक्त बोलायला. अंगणवाडी सेविकेला विचारा: घरं कधी भरलेली असतात?

मला त्या एका दिवसात जे कळलं, त्यावर सगळं वेळापत्रक बदललं. जुलै-ऑगस्टमध्ये भात-नागलीची लावणी. बाई पहाटे शेतात जाते ती अंधारात परत येते, तिच्याकडे अर्धा तास मागणं हाच अन्याय. भाताची कापणी उरकली, दिवाळी झाली की घरंच्या घरं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर कामाला निघतात. जानेवारीत गावात गेलात तर म्हातारी माणसं, लहान मुलं आणि कुलपं भेटतील. आमच्यासाठी मधली खिडकी होती सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची अखेर. सर्वेक्षण त्यातच बसवायचं, म्हणजे सगळ्या परवानग्या ऑगस्टअखेर हातात हव्यात, म्हणजे एथिक्स कमिटीकडे (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीकडे) कागद जूनमध्येच गेले पाहिजेत. वेळापत्रक असं उलटं मांडत या. प्रस्तावातला तक्ता ‘पहिली तिमाही, दुसरी तिमाही’ असा न करता महिन्यांची नावं घालून करा, आणि प्रत्येक महिन्यात गावात काय चालू असतं ते शेजारच्या रकान्यात लिहा. मुलाखतीत माझ्या त्याच पानावर सगळ्यांत जास्त वेळ बोलणं झालं.

किशोरवयीन मुलींवर काम करायचं असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. या भागातल्या पुष्कळ मुली आश्रमशाळेत राहतात. शाळा सुरू असताना त्या घरचं जेवत नाहीत, आश्रमशाळेचं जेवतात. ‘आदिवासी मुलींचा पारंपरिक आहार’ असं शीर्षक देऊन आश्रमशाळेत माहिती गोळा केलीत, तर तुम्ही शाळेच्या भोजनगृहाचा अभ्यास केलेला असतो. मीसुद्धा आधी किशोरीच निवडल्या होत्या, त्या एका दिवसानंतर वयोगट बदलला.

४. आहार मोजायची पद्धत पक्की करा

ही बाजू सगळ्यांत नाजूक, म्हणून इथे थोडी थांबते.

नवीन माणूस प्रश्नावलीत लिहितो: ‘तुम्ही रोज काय खाता?’ उत्तर मिळतं: ‘काय खाणार मॅडम, भाकर न् चटणी.’ उत्तर खोटं नसतं, अपुरं असतं. २४ तासांचा रिकॉल (कालच्या दिवसात खाल्लेलं सगळं आठवून सांगणं) घ्यायचा तो काल सकाळी उठल्यापासून, कामाच्या धाग्याने. ‘उठल्यावर काय केलं? पाणी भरून आल्यावर काही घेतलं का? शेतात जाताना काय बांधून नेलं? बांधावर काही तोंडात टाकलं का?’ अशी विचारणा केली तेव्हा एका मावशींच्या ‘भाकर न् चटणी’तून सकाळचा कोरा चहा, दुपारी नागलीची दीड भाकर आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी, बांधावरच्या दोन काकड्या, संध्याकाळी रेशनच्या तांदळाचा भात, उडदाचं वरण आणि त्यावर पुन्हा चहा, एवढं निघालं. चहाची नोंद हवीच, कारण जेवणाबरोबरचा चहा लोहाचं शोषण कमी करतो. खुरासणी गाळली तर स्निग्धांशाचा सगळा हिशेब चुकतो.

मग प्रश्न येतो, एक भाकर म्हणजे किती? पहिल्याच दिवशी आम्ही एका घरात भाकर काट्यावर ठेवली, भरली ९० ग्रॅम. दोन घरं सोडून दुसरीकडे तीच ‘एक भाकर’ १६० ग्रॅमची. अंदाजपंचे १०० ग्रॅम धरले असते तर दोन्ही घरांचा हिशेब चुकला असता. म्हणून एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, तीन मापांच्या वाट्या, दोन पळ्या आणि पुठ्ठ्यातून कापलेली चार आकारांची गोल ‘भाकरी’ जवळ ठेवा. बाई त्यातला आकार दाखवते, तुम्ही त्याचं आधी मोजून ठेवलेलं वजन लिहिता. शक्य असेल तिथे घरातलंच भांडं घेऊन पाणी भरून मोजा.

एका दिवसाच्या रिकॉलवर विसंबू नका. सगळ्यांचा दुसरा रिकॉल परवडत नसेल तर निदान काही जणींचा घ्या, लागोपाठचा दिवस सोडून. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी घरात सुकट किंवा भाजी असते, बाजाराच्या आदल्या दिवशी नसते. उपवास आणि सणांचंही तसंच. नवरात्र आमच्या खिडकीतच येत होतं. उपवासाचा दिवस गाळू नका, पण त्याची वेगळी खूण करा. रानभाज्यांची नावं गावच्या बोलीत लिहा आणि फोटो काढा, शास्त्रीय नाव नंतर वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्याकडून घ्या.

पोषणमूल्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे भारतीय अन्नघटक तक्ते वापरा. त्यात ५२८ पदार्थ आहेत. ग्रंथालयातल्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम नागलीत ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आहे, नव्यात ३६४. हा फरक लहान आहे, पण काही पदार्थांच्या लोहाचे आकडे बरेच बदलले आहेत. अर्धे आकडे जुने, अर्धे नवे अशी सरमिसळ परीक्षकाला लगेच दिसते.

पोषणाच्या प्रस्तावात सर्रास होणारी एक चूक इथेच सांगते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढ स्त्रीसाठी लोहाची शिफारस केलेली मात्रा दिवसाला २९ मिलिग्रॅम आहे, आणि सरासरी गरज १५ मिलिग्रॅम. पहिला आकडा जवळजवळ प्रत्येकीला पुरेल असा मुद्दाम उंच ठेवलेला असतो. एखाद्या गटातल्या किती जणींना लोह कमी पडतं हे काढताना सरासरी गरजेचा आकडा धरायचा. २९ धरलंत तर गाव जवळपास सगळंच ‘कमतरतेत’ दिसेल आणि जाणकार परीक्षक तिथेच पान मिटेल.

हिमोग्लोबिनबद्दल काही गोष्टी. बोटातून थेंब घेणार की शिरेतून रक्त, हे ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीसाठी १२ ग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली रक्तक्षय आणि ८ च्या खाली तीव्र रक्तक्षय मानतात. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करायचं असेल तर सोबत सीआरपीही (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) करा, कारण जंतुसंसर्गात फेरिटिन वाढतं आणि लोह कमी असूनही आकडा ठीक दिसतो. आणि रक्तक्षय म्हणजे फक्त लोह नव्हे: आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा विचार केला नसेल तर समिती विचारणारच. रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळलेलं आहे का, याचीही नोंद प्रश्नावलीत हवी.

५. एथिक्स कमिटी: सगळ्यांत आधी सुरू करा

‘आम्ही फक्त प्रश्न विचारणार, परवानगी कशाला?’ असं पुष्कळांना वाटतं. माणसांवरच्या कोणत्याही आरोग्य संशोधनाला ती लागते. २०१७ ची आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं एकदा पूर्ण वाचून काढा. बीएस्सी-एमएस्सीच्या कॉलेजात अशी समिती बहुधा नसते. मग आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी असलेली, जवळच्या मेडिकल कॉलेजची समिती गाठावी लागते, त्यासाठी तिथला एक सहसंशोधक असला तर बरं. समितीच्या बैठका रोज होत नाहीत. एक बैठक चुकली तर महिना-दोन महिने सहज जातात. म्हणून बैठकीची तारीख आधी विचारा आणि कागद त्यानुसार तयार करा.

संमतीपत्र मराठीत लिहिलं म्हणजे झालं असं नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘सदर संशोधनातील सहभाग ऐच्छिक असून’ असं होतं. समितीतल्या बिगर-वैद्यकीय सदस्य बाईंनी ते मोठ्याने वाचायला लावलं आणि विचारलं, ‘हे कुणाला कळेल?’ नंतर तेच असं लिहिलं: ‘तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा. नाही म्हटलं म्हणून अंगणवाडीतलं किंवा दवाखान्यातलं काहीही बंद होणार नाही.’ हे दुसरं वाक्य अतिशय महत्त्वाचं आहे, कारण तुम्ही सेविकेबरोबर दारात उभे असता तेव्हा बाईला नकार देणं जड जातं. वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार हवा, तुमचा क्षेत्र सहायक चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुली असतील तर पालकांची संमती आणि सात वर्षांपुढच्या मुलीची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात.

हिमोग्लोबिन फार कमी निघालं तर काय करणार, हे अर्जात लिहा. आम्ही पाठवणी-चिठ्ठी छापली होती आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधीच भेटून आलो होतो. आठच्या खालची बाई सापडली तर त्याच दिवशी सेविकेच्या सोबतीने तिला केंद्रात पोचवायचं, असं ठरवलं होतं. हे न करता नुसते आकडे घेऊन परत येणं मला मान्य नाही, आणि समितीलाही नसतं.

तुम्ही एखादा पदार्थ खाऊ घालून परिणाम पाहणार असाल, उदाहरणार्थ नागलीचे लाडू तीन महिने, तर तो हस्तक्षेप ठरतो. पहिली व्यक्ती सहभागी होण्याआधी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणी, म्हणजे सीटीआरआयवर नोंद करा. नोंदणी मोफत आहे, पण १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंद घेतली जात नाही. ती नसेल तर पुढे निबंध छापताना अडतं.

६. बाकीच्या परवानग्या

अंगणवाडीच्या माध्यमातून काम असेल तर जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाचं पत्र, मग तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना प्रत, मग पर्यवेक्षिकांची भेट. हा क्रम मोडू नका. आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी लागते, नाशिक जिल्ह्यात नाशिक आणि कळवण अशी दोन प्रकल्प कार्यालयं आहेत, त्यामुळे तुमचा तालुका कुणाकडे येतो ते आधी विचारून घ्या. ग्रामपंचायतीला पत्र द्याच. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या, तुमचा अर्ज पोचल्याचा तोच पुरावा.

७. अंदाजपत्रक

बीजनिधीत मोठं उपकरण, परदेश प्रवास किंवा मुख्य संशोधकाचं मानधन बसत नाही असं गृहीत धरूनच बसा. माझ्या एक लाखाचे भाग असे होते:

- दोन क्षेत्र सहायक, दोन महिने, दरमहा ९,००० प्रमाणे: ३६,०००
- गाडीभाडं, १६ दिवस, रोजचे १,८०० प्रमाणे: २८,८००
- हिमोग्लोबिन तपासणीचं साहित्य: २२,०००
- छपाई आणि झेरॉक्स: ५,२००
- प्रश्नावलीचा अनुवाद व उलट अनुवाद (अर्थ बदलला नाही ना हे पाहायला पुन्हा मूळ भाषेत): ३,०००
- किरकोळ: ५,०००

प्रत्येक आकड्यापुढे एका ओळीत कारण लिहा. गाडीवर इतका खर्च का, असं मला विचारलं गेलं. वाड्या-पाड्यांवर सकाळी सातला पोचायला एसटी उपयोगी नाही, आणि थेंब घेण्याचं साहित्य, काटा, उंचीपट्टी डोक्यावर घेऊन जाता येत नाही, हे उत्तर त्यांना पटलं. काटा आणि उंचीपट्टी आमच्या विभागातच होती, ती विकत घ्यायची नाही हे अंदाजपत्रकात मुद्दाम लिहिलं. संस्थेचा वाटा दिसला की समितीचा विश्वास वाढतो.

८. जोडायचे कागद

- प्राचार्यांचं शिफारसपत्र आणि संस्था सुविधा देईल अशी हमी
- नेमणूकपत्र व विद्यापीठाची अध्यापक मान्यता
- मुख्य संशोधक आणि सहसंशोधकांचा परिचय, प्रकाशनांच्या पहिल्या पानांसह
- प्रस्ताव, महिनावार वेळापत्रक, अंदाजपत्रक
- एथिक्स कमिटीची मंजुरी, नसेल तर अर्ज सादर केल्याची पोच
- प्रश्नावली, मराठी संमतीपत्र, पाठवणी-चिठ्ठी
- रक्ततपासणी बाहेर करणार असाल तर प्रयोगशाळेचं संमतीपत्र
- हाच प्रकल्प दुसरीकडून निधी घेत नाही असं स्वयंघोषणापत्र
- मजकुराच्या साम्यतपासणीचा अहवाल (दहा टक्क्यांच्या आत ठेवा)
- संस्थेच्या बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश

सादरीकरणाला बहुतेकदा दहाच मिनिटं मिळतात. सात स्लाइड पुरेत. प्रश्न, जागा, नमुना, पद्धत, वेळापत्रक, पैसा आणि या कामानंतर पुढे काय.

९. पैसा हातात आल्यावर

मंजुरीपत्र आलं म्हणजे पैसा आला असं नाही. एका प्रकल्पात पत्र सप्टेंबरमध्ये मिळालं आणि रक्कम डिसेंबरमध्ये जमा झाली, खर्चाची मुदत मात्र ३१ मार्चच राहिली. तोवर बायका द्राक्षबागांवर निघून गेल्या होत्या. त्या वर्षीचं क्षेत्रकाम आम्हाला गमवावं लागलं आणि दोन सहायक मुलींना दिलेला शब्द मोडावा लागला, याचं मला अजून वाईट वाटतं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून दोन गोष्टी करा. मंजुरीपत्र येताच ‘रक्कम जमा झाल्याच्या तारखेपासून बारा महिने’ असा कालावधी लेखी मागून घ्या. आणि प्राचार्यांकडून संस्थेच्या खात्यातून तात्पुरती उचल मिळते का, हे आधीच विचारून ठेवा.

पहिली खरेदी करण्याआधी लेखा विभागातल्या बाबूंकडे अर्धा तास बसा. किती रकमेच्या वर तीन दरपत्रकं लागतात, बिल कुणाच्या नावाने हवं, गाडीच्या पावतीवर काय काय असावं, सहायकांचं मानधन बँकेतूनच द्यायचं का? प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा असतो आणि मागाहून बिल बदलून मिळत नाही. एका शीर्षातले पैसे दुसऱ्यात वापरायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्या. रोजचा खर्च रोज वहीत लिहा. उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यावर, सनदी लेखापालांची सही लागते, आणि मार्चमध्ये त्यांच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. फेब्रुवारीतच कागद द्या.

भरलेल्या प्रश्नावल्यांवर नावाऐवजी क्रमांक ठेवा. नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या कपाटात, कुलपात. आधार क्रमांक घेऊ नका, त्याची काही गरज नसते.

१०. अहवाल, आणि पुढचा अर्ज

अंतिम अहवालात अपेक्षेविरुद्ध आलेले आकडेही द्या. नागली जास्त खाणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन जास्त असेल असं मला मनापासून वाटत होतं, पण आमच्या २०० च्या आसपास बायकांत तसा ठळक फरक दिसला नाही. मी तो तसाच लिहिला. एका वेळच्या पाहणीतून कारण आणि परिणाम सांगता येत नाही, हेही लिहिलं. पुढच्या प्रस्तावाचा पाया तोच झाला: आता लोहाच्या सेवनाबरोबर शोषण, चहा, जंत आणि सिकलसेल यांचाही विचार करायचा आहे, आणि त्यासाठी मोठा निधी हवा आहे. आयसीएमआर, अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान किंवा राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे जाताना ‘प्राथमिक निष्कर्ष’ नावाचा जो रकाना असतो, तो बीजनिधीच्या कामातून भरतो. परदेशी संस्था सोबत असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते, त्याचे महिने वेगळे धरा.

गावाला निकाल सांगायचा दिवस अंदाजपत्रकातच धरा, मी धरला नव्हता आणि तो खर्च मग खिशातून केला. प्रत्येक बाईला तिचा आकडा चिठ्ठीवर लिहून तपासणीच्याच दिवशी दिला होता. अहवालानंतर आठही अंगणवाड्यांत जाऊन एकत्र निकाल सांगितला, तोही मे महिन्यात, द्राक्षाचा हंगाम संपवून घरं परतल्यावर. एका पाड्यावर ती काकड्यांवाली मावशी पुढे येऊन बसली आणि विचारू लागली की जेवणानंतरचा चहा सोडायचा तर किती वेळाने घ्यायचा. निदान तासाभराने घ्या, असं सांगितलं. तिने शेजारणीला कोपराने ढोसून तेच पुन्हा ऐकवलं.